पीपीएफ की सिरॅमिक? आधी ते लोनमधून बाहेर काढा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नवीन गाडी बुक केलीये, रंग काळा, रोजचं येणं-जाणं बरंचसं हायवेवरचं, रात्री गाडी उघड्यावर उभी असते आणि ५ वर्षं वापरून विकायची आहे. शोरूमवाला म्हणतोय डिलिव्हरीच्या आधी फुल बॉडी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पेंट वाचवायला गाडीवर चिकटवतात ती पारदर्शक फिल्म) करून घ्या, पैसे लोनमध्येच टाकू, ईएमआय थोडासाच वाढेल, आणि विकताना सगळं वसूल होईल. मित्र म्हणतायत एवढा खर्च कशाला, सिरॅमिक कोटिंग कर आणि मोकळा हो. आणि तुम्हाला हवंय की या दोघांत पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचं काय ते मी सांगावं.

तुमचे सगळे आकडे मी गाडीची किंमत १०० धरून मांडलेत म्हणजे डोक्यात बसायला सोपं. फुल बॉडी फिल्म ११, नुसत्या पुढच्या भागाची फिल्म ३.५, सिरॅमिक कोटिंग २.५, लोन ५ वर्षांचं १० टक्क्यांनी. सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम वगैरेसाठी ४ रोख बाजूला ठेवलेत. आणि इमर्जन्सी फंड जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाएवढा. हे शेवटचं तुम्ही जाता जाता कंसात लिहिलंय, पण मी सुरुवात तिथूनच करणार होतो, फक्त त्याआधी एक गोष्ट साफ करायला लागेल.

फिल्म आणि कोटिंग हे एकाच कामाचे महाग-स्वस्त प्रकार नाहीत, कामंच वेगळी आहेत. पीपीएफ म्हणजे टीपीयूची, म्हणजे एका प्रकारच्या लवचिक पॉलियुरेथेनची पारदर्शक शीट, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, मागे गम. हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा बॉनेटवर आदळला की त्याचा मार ही शीट खाते, खालचा पेंट वाचतो, आणि बारीक ओरखडे तर ऊन किंवा गरम पाणी लागलं की वरच्या थरात आपोआप भरून येतात, ते सेल्फ हीलिंग म्हणतात ते हेच. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकावर आधारलेलं एक लिक्विड, ते पेंटच्या वरच्या क्लिअर कोटला चिकटून कडक होतं, आणि त्याची जाडी असते एक-दोन मायक्रॉन. कंपनीचा अख्खा पेंट, म्हणजे प्रायमर, रंग, क्लिअर कोट सगळं मिळून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. आता १०० मायक्रॉनचा पेंट ज्या खड्याने उडतो तो खडा आणखी एक-दोन मायक्रॉनने थांबेल का, तुम्हीच सांगा.

मग कोटिंग करतं काय तर पाणी आणि चिखल टिकू देत नाही, धुणं सोपं होतं, चमक राहते, उन्हाने पेंट फिका पडायला थोडा अटकाव होतो, आणि पक्ष्यांच्या घाणीला तुम्ही पुसेपर्यंत थोडा वेळ मिळतो. थोडाच हं. ती घाण दिवसभर उन्हात तशीच राहिली तर कोटिंग असूनही डाग बसू शकतो. आणि ते ९एच ९एच जे सांगतात ना, ती पेन्सिल टेस्ट आहे, वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रेटून बघतात त्यातली ९एच, हिरा जिथे १० वर असतो त्या खनिजांच्या स्केलशी त्याचा काही संबंध नाही. सेल्समनच्या बोलण्यात मात्र दोन्ही अगदी सहज एक होतात.

आता पैसे. ११ लोनमध्ये टाकले तर १० टक्क्यांनी ५ वर्षांत १४ भरायला लागतील. ईएमआय थोडासाच वाढतो हे खरंय, पण तो थोडासा ६० वेळा वाढतो. त्यात ३ वर्षांनी काही कारणाने गाडी विकायची वेळ आलीच, नोकरी बदलली, घरात काही खर्च निघाला, तर त्या ११ मधले ५ च्या आसपास अजून फेडायचेच असतील, आणि फिल्म मात्र गाडीबरोबर दुसऱ्याच्या दारात. एक दरवाजा कुठे घासला आणि तो रंगवायला लागला तर त्या दरवाजावरची फिल्म गेलीच, नवी घालायची तर नवे पैसे, आणि इन्शुरन्समध्ये ती आधी वेगळी नोंदवलेली नसेल तर क्लेममध्ये तिचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. दोन महिन्यांचा फंड असलेल्या माणसाने गाडीच्या अंगावरच्या प्लास्टिकसाठी व्याज भरावं हे मला कुठल्याही बाजूने बघितलं तरी पटत नाही. त्यामुळे फुल बॉडी, लोनवर, हा विषय मी इथेच बंद करतो.

त्यांनी १० वर्षांची वॉरंटी दाखवली असेल, ठीक आहे, पण तुम्ही ५ वर्षांत विकणार, मग उरलेल्या ५ वर्षांचे पैसे तुम्ही कोणासाठी भरताय? पुढच्या मालकाला ती वॉरंटी ट्रान्सफर होते का हे पण कागदावर बघावं लागतं, बऱ्याचदा होत नाही.

बरं, मित्रांचं सिरॅमिक. दिसायला स्वस्त आहे, २.५. पण तुम्हाला दिलेली वॉरंटी ३ वर्षांची आहे आणि तुम्ही लिहिलंय की ती टिकवायला दरवर्षी त्यांच्याकडे मेंटेनन्स करून घ्यायचा, ०.४ प्रत्येक वेळी. ५ वर्षं धरली तर कोटिंग दोनदा, म्हणजे ५, वर चार वेळा मेंटेनन्स १.६, एकूण ६.६. वर्षाला १.३ पडले. पुढच्या भागाची फिल्म ५ वर्षं टिकली, आणि चांगली फिल्म नीट लावली असेल तर टिकायला हरकत नाही, तर ३.५ भागिले ५, वर्षाला ०.७. म्हणजे जे स्वस्त म्हणून सुचवलं जातंय तेच वर्षाच्या हिशोबात जवळजवळ दुप्पट महाग, आणि वर तुमचा जो खरा त्रास आहे, हायवेचे खडे, त्याला त्याचा उपयोग शून्य. अर्थात दुसऱ्यांदा कोटिंग करायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं नाहीये, एकदा करून सोडून देऊ शकता, पण मग तुलना ३ वर्षांची ५ वर्षांशी होते हे लक्षात ठेवा.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की पुढची फिल्म घ्या असंच मी सांगणार. सांगणारच आहे, पण हिशोबाची दुसरी बाजू लपवून नाही. तुम्ही बॉडी शॉपमधून बॉनेट आणि पुढचा बंपर रंगवायचा रेट काढलात हे फार बरं केलंत, दोन्ही मिळून २. म्हणजे काहीच न लावता ५ वर्षं चालवली, खड्यांनी पुढचा भाग पुरता खराब झाला, आणि विकायच्या आधी रंगवून घेतला, तरी ३.५ पेक्षा कमीच. त्यामुळे निव्वळ पैशाच्या दृष्टीने बघाल तर सगळ्यात स्वस्त उत्तर आहे काहीच न करणं. 'विकताना वसूल होईल' हे तर विसरूनच जा, सेकंड हँड घेणारा बघतो वर्ष, किलोमीटर, सर्व्हिस रेकॉर्ड, ॲक्सिडेंट झालाय का. कोटिंगचं सर्टिफिकेट दाखवलंत तर तो मान डोलावेल आणि ऑफर तीच ठेवेल. रंगवण्याला एक किंमत आहे ती म्हणजे संशय. पेंटची जाडी मोजणारं मीटर लावलं की रंगवलेला पॅनेल बहुतेक वेळा लगेच कळतो आणि मग घेणारा विचारतो हा कशामुळे रंगवलाय, ठोकली होती का. तुम्ही खडे खडे म्हणत बसाल, तो भाव पाडत बसेल. ओरिजिनल पेंटला मान आहे तो एवढ्यापुरता. पण तो मान १.५ चा आहे का? मला तरी छातीठोकपणे हो म्हणवत नाही.

मग फिल्म कशासाठी, तर हौसेसाठी. आणि हौस हा काही गुन्हा नाही, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या बजेटमध्ये मी हौसेचा रकाना ठेवतोच, नाहीतर ते बजेट दोन महिन्यांत फाडून टाकतात. काळी गाडी, रोज सकाळी बॉनेटवर नवा पांढरा ठिपका, तुमचं मन खट्टू होणार, हे तुम्हीच लिहिलंय. ते मन ५ वर्षं शांत ठेवायचे ३.५ हा भाव मला वाजवी वाटतो, अट एकच, पैसे हौसेच्या रकान्यातून यायला पाहिजेत. आणि ते तुमच्याकडे आहेत की, ते ४ रोख. म्युझिक सिस्टिम वर्षभराने पण बसवता येते, खड्याने उडालेला कंपनीचा पेंट परत येत नाही. त्यामुळे या ४ मधून पुढची फिल्म: पूर्ण बॉनेट (अर्धं नाही, मध्ये रेघ दिसते आणि तिथे मळ साचतो), बंपर, पुढचे फेंडर, आरशांची पाठ. उरलेल्या ०.५ मधले थोडे दरवाजाच्या कडा, हँडलच्या मागची नखं लागायची जागा आणि डिकीचं सामान घासतं तो बंपरचा वरचा पट्टा याच्यावर घाला, छोटे तुकडे आहेत, फार लागत नाहीत, उपयोग रोजचा. बाकीच्यात चांगला शॅम्पू, दोन बादल्या (एक शॅम्पूची, एक फडकं खळबळायला) आणि मायक्रोफायबरचं फडकं. काळ्या गाडीवर गोल गोल जाळी दिसते ना उन्हात, ती बहुतेक धुताना घाणेरड्या फडक्याने पडते, तुम्ही स्वतः दोन बादल्यांनी धुतलीत तर कोटिंगची अर्धी गरज तिथेच संपते. तीन-चार महिन्यांनी एक स्प्रे सीलंट मारा, पाणी तसंच मोत्यासारखं घरंगळेल.

ईएमआय चालू असताना फंड दोनचा सहा महिन्यांचा होऊ दे. तो झाला आणि तरीही सिरॅमिकची इच्छा राहिली तर तेव्हा करा, कोटिंग कधीही करता येतं, आधी पॉलिश करायला लागेल एवढंच. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचे थोडे मायक्रॉन घासून काढणं, ४०-५० मायक्रॉनच असतात ते, त्यामुळे दर वर्षी पॉलिश करून देतो म्हणणाऱ्यापासून जरा लांब राहा. फिल्मच्या वर पण कोटिंग करता येतं, पण आत्ता गरज नाही.

फिल्म शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. ते बऱ्याचदा बाहेरच्याच डिटेलिंगवाल्याकडून, म्हणजे फिल्म-कोटिंगची कामं करणाऱ्याकडून, काम करून घेतात आणि वर आपलं मार्जिन लावतात, त्यामुळे अजून दोन ठिकाणी तोच ब्रँड, तीच सिरीज सांगून रेट काढा. टीपीयू आहे हे बिलावर लिहून घ्या, पीव्हीसीची फिल्म पण पीपीएफ म्हणूनच विकतात, ती स्वस्त असते, लवकर पिवळी पडते, ओरखडे भरून येत नाहीत आणि काढताना तुकडे तुकडे होतात. रोलचा सीरियल नंबर मागा आणि वॉरंटी कंपनीकडे तुमच्या गाडीच्या नंबरवर रजिस्टर झाली का ते स्वतः तपासा. कटिंग प्लॉटरवर (फिल्म आधीच मापात कापणारं मशीन) करतात की गाडीवरच ब्लेडने हे विचारा, ब्लेड चुकलं तर फिल्मखालचा पेंट कापला जातो आणि तो तुम्हाला फिल्म काढल्यावरच दिसतो. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी साधी धुतलेली हवी, पॉलिश नको असं लेखी कळवून ठेवा, आणि मग आठ-पंधरा दिवसांत निवांत जाऊन काम करून घ्या, तेवढ्यात पेंटचं काही बिघडत नाही.

आणि लोनचा फायनल कागद सही करायच्या आधी मंजूर रक्कम पुन्हा एकदा बघा, 'पेंट प्रोटेक्शन पॅकेज' नावाची ओळ आत राहिलेली असेल तर ती काढायला लावा आणि नवीन ईएमआय लेखी घ्या.