जड पाणी: बोरिंगचं की अणुभट्टीचं?

नागपूरच्या बेसा भागातून आलेला प्रश्न असा: "आमच्या बोरिंगचं पाणी जड आहे, असं घरात सगळेच म्हणतात. मुलीला शाळेत सांगितलं की जड पाणी म्हणजे अणुभट्टीत वापरतात ते, बोरिंगच्या पाण्याला दुष्फेन म्हणायचं. मग आमचं चुकतं का?"

तुमचं चुकत नाही. चुकतात ते 'हेवी वॉटर' म्हणणारे. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेला माणूस नळाखाली मीटर धरतो आणि सांगतो, "काकू, तुमच्याकडे हेवी वॉटर आहे." सोसायटीच्या सभेत चांगले शिकलेले लोकही हेच बोलतात. घरातल्या 'जड'चं इंग्रजी केलं की 'हेवी' होतं, एवढाच हिशेब. बोरिंगच्या पाण्याला इंग्रजीत हार्ड वॉटर म्हणतात. इंग्रजी वापरायचंच असेल तर निदान ते नीट वापरा. शिवाय तो मीटर विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. त्यातला जडपणा किती, हे त्यावरून कळत नाही. मिठाचं पाणी त्यात बुडवलं तरी आकडा चढतो.

दोन्ही पाण्यांतला फरक थोडक्यात सांगतो. जमिनीत मुरताना पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जातं. साबणाशी गाठ पडली की त्या कॅल्शियमचा न विरघळणारा साका होतो, म्हणून फेस येत नाही. तुरीच्या डाळीतल्या पेक्टिनला तेच कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतं, म्हणून तासभर शिजवूनही डाळ वेगळी आणि पाणी वेगळं राहतं. बायकार्बोनेटांमुळे आलेला जडपणा उकळल्यावर जातो आणि पातेल्याला पांढरा थर बसतो. सल्फेट-क्लोराइडांचा उकळून जात नाही, त्याला धुण्याचा सोडा लागतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा जडपणा, म्हणजेच कठीणपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

अणुभट्टीतलं जड पाणी वेगळंच. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन असतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड यूरी यांनी ड्युटेरियम १९३१ मध्ये शोधलं आणि १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. हे पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड असतं, ३.८ अंश सेल्सिअसला गोठतं आणि १०१.४ अंशांना उकळतं. आपल्याकडे ते रायगड जिल्ह्यात थळला तयार होतं. निसर्गातल्या साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो, म्हणजे पेंचच्या आणि कन्हानच्या पाण्यातही तो आहेच. आणि शुद्ध जड पाण्यात कॅल्शियम नसल्यामुळे त्यात साबणाला उत्तम फेस येईल! वजनाचं म्हणाल, तर भट्टीतल्या पाण्याचा एक लिटर साध्या पाण्याहून शंभर ग्रॅमहून अधिक भरतो. बोरिंगच्या लिटरभर पाण्यात ६०० मिलिग्रॅम कठीणपणा असला तरी ग्रॅमभराचासुद्धा फरक नाही.

मग घरातला 'जड' वजनाचा नसेल, तर कसला? पचायला जड आणि डाळ शिजायला जड. आयुर्वेदात पाण्याचे गुरु आणि लघु असे प्रकार सांगितले आहेत, त्यातल्या 'गुरु'चा हा मराठी अवतार. 'दुष्फेन' हा शब्द चांगला घडवलेला आहे, मुलीने परीक्षेत तोच लिहावा. पण तो फक्त साबणाची गोष्ट सांगतो. डाळीबद्दल आणि पोटाबद्दल त्यात काही नाही.

आता मुख्य गोष्ट. संस्कृतात 'जड'चा अर्थ वजनदार नाहीच. त्यासाठी 'गुरु' आहे. 'जड' म्हणजे मुळात थंड! अमरकोशात थंड या अर्थाच्या शब्दांची रांग आहे: 'सुषीमः शिशिरो जडः', आणि पुढे तुषार, शीतल, शीत, हिम. थंडीने गोठलेला, ताठरलेला, बधिर, म्हणून मंदबुद्धी, म्हणून अचेतन, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. आणि वामन शिवराम आपट्यांचा कोश उघडून नपुंसकलिंगी 'जडम्' पाहा. अर्थ दिले आहेत पाणी आणि शिसं. पाणी! म्हणजे 'जड पाणी' या दोन शब्दांत पाणी दोनदा आलं आहे.

संस्कृत कवी 'डलयोरभेदः', म्हणजे ड आणि ल यांत भेद नाही, असं म्हणत 'जलाशय' आणि 'जडाशय' (मंदबुद्धी) यांवर श्लेष करत आले आहेत. यावर काही पंडित लगेच सांगतात की ती कवींची सवलत आहे, व्युत्पत्ती नव्हे. त्यांना माझा सरळ प्रश्न आहे: षोडशचं सोळा, गुडचा गूळ, तडागाचं तळं कोणत्या कवीने केलं? दोन स्वरांमधला एकटा ड मराठीत ळ होतो, हा भाषेचा नियम आहे. आपल्या शुक्रवारी तलावातला 'तलाव'सुद्धा त्याच तडागातून आला आहे. त्या नियमाने 'जड'चं घरगुती रूप काय व्हायला हवं? जळ. आणि 'जल'चं काय झालं? जळच. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, असं माझं ठाम मत आहे. 'जायते लीयते इति जल', म्हणजे जन्मतं आणि विलीन होतं ते जल, ही जी व्युत्पत्ती सकाळी सकाळी सुविचारासारखी फिरते, तिच्यात ना ध्वनीचा विचार आहे ना इतिहासाचा. अक्षरं सुटी करून त्यांना अर्थ चिकटवणं याला व्युत्पत्ती म्हणू नये.

थंडपासून वजनदारपर्यंत मराठी कशी आली, याचा पुरावा रोजच्या बोलण्यात आहे. हातपाय जड झाले, जीभ जड झाली, डोकं जड झालं. यात वजन कुठे वाढलं? बधिरपणा आला. बधिर अंग उचलवत नाही, आणि तिथेच 'जड'ला वजन मिळालं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत वजनदार हा अर्थ आहेच, म्हणजे यूरींच्या शोधाआधी पाऊणशे वर्षं. 'जड'चं भाववाचक नाम 'जाड्य', प्राकृतात 'जड्ड'. तिथे ड जोडीने आल्यामुळे त्याचा ळ झाला नाही. त्यातून हिंदीचा 'जाडा' म्हणजे थंडी, आणि मराठीचं 'जाड'. इतवारीतला हिंदीभाषक दुकानदार थंडीला जाडा म्हणतो आणि त्याच्याच दुकानातली रजई आपण जाड म्हणून निवडतो.

यात पाण्याच्या स्वभावाचाही हात असावा, असं मला वाटतं. उन्हाळ्यात तळ्यात उतरलं की वरचं पाणी कोमट लागतं आणि पायाशी गार. थंड पाणी खरोखरच अधिक जड असतं. ३० अंशांना लिटरभर पाणी सुमारे ९९६ ग्रॅम भरतं, ४ अंशांना १०००. म्हणून गार पाणी खाली बसतं. पोहणाऱ्या माणसाला थंड आणि जड हे गुण एकाच जागी, तळाशी सापडतात. ४ अंशांच्या खाली हा क्रम उलटतो, पाणी पुन्हा हलकं होत जातं आणि बर्फ तरंगतो. पण डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हाही अंबाझरी तलावावर बर्फ दिसला नाही. आपल्या तळ्यांपुरतं थंड तेच जड.