अमेरिकेतले रात्रीचे राजकीय व्यंगाचे कार्यक्रम खरंच विनोदी असतात का?

असतात, पण रोज नाही. नेत्याच्या केसांवर, बोलण्याच्या लकबीवर चार वाक्यं टाकली की स्टुडिओतले लोक टाळ्या पिटतात. ते हसणं नव्हे, 'आम्ही तुमच्याच बाजूचे' अशी हजेरी लावणं झालं. मला त्यात मजा येत नाही.

खरं हसू फुटतं ते मेहनत घेतलेल्या विनोदाला. टीव्हीवरून देणग्या गोळा करणाऱ्या धर्मोपदेशकांवर 'लास्ट वीक टुनाइट' या व्यंग कार्यक्रमाच्या जॉन ऑलिव्हरने २०१५ मध्ये एक भाग केला. चर्चला करमाफी किती सहज मिळते हे सांगून तो थांबला नाही. त्याने स्वतःच चर्च काढलं, नाव ठेवलं 'अखंड करमाफीची माता', आणि पैसे पाठवा म्हणाला. लोकांनी खरंच पाठवले! सोबत बियाणंही आलं, कारण ते उपदेशक देणगीला 'बी पेरणं' म्हणतात. महिन्याभरात चर्च बंद करून त्याने पैसे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेला देऊन टाकले. बघताना पोट धरून हसलो आणि तितकाच संतापलोही.

'द डेली शो' गाजवणाऱ्या जॉन स्टुअर्टचंही तसंच. नेत्याचं आजचं वाक्य आणि त्याचीच जुनी क्लिप शेजारी ठेवायची, मग नुसतं कॅमेऱ्याकडे बघायचं. सुरुवात अशा भागांपासून करा, कार्यक्रमाच्या सुरुवातीची रोजची विनोदी स्वगतं खुशाल सोडून द्या.