क्वांटमने औषध शोधायचंय? आधी दोन बेन्झिन चिकटवून बघ

तू लिहिलंयस की बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, क्वांटम केमिस्ट्री जाम आवडते, औषध प्रोटीनला किती घट्ट चिकटेल हे गणिताने काढणाऱ्या फील्डमध्ये जायचंय, पण घरचे म्हणतात त्यापेक्षा कोडिंग शिक. अरे, कोडिंग इथेही रोज लागतं, त्यामुळे त्यावरून घरी वाद घालूच नकोस.

मला खटकलं ते दुसरंच. तुला वाटतंय मेथड जितकी अचूक तितकं उत्तर बरोबर. तसं नसतं ना! औषध प्रोटीनच्या पॉकेटमध्ये, म्हणजे त्याच्या खाचेत, शिरताना पाण्याचे रेणू बाहेर पडतात, प्रोटीन हलतं, एन्ट्रॉपी बदलते, आणि या सगळ्या मोठमोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून जो छोटासा आकडा उरतो त्यात मोलमागे साधारण १.४ किलोकॅलरीची चूक झाली की बाइंडिंगचा अंदाज १० पट चुकतो. म्हणून स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, म्हणजे असंख्य रेणूंच्या हालचालींतून एन्ट्रॉपीसारखे आकडे काढणारा विषय, ऑप्शनला टाकू नकोस, बहुतेक पोरं तेच करतात आणि मग अडकतात.

शिवाय खर्च. कपल्ड क्लस्टर या फार अचूक क्वांटम पद्धतीच्या ज्या मेथडला सगळे गोल्ड स्टँडर्ड म्हणतात तिच्यात सिस्टिम दुप्पट केली की काम १२८ पट होतं, आणि प्रोटीनमध्ये अणू हजारोंनी. म्हणूनच वॉर्शेल आणि लेविट या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मधला तुकडा क्वांटमने, बाकीचं साध्या फोर्स फील्डने (अणू म्हणजे गोळे, बाँड म्हणजे स्प्रिंग धरणारी सूत्रं) असा जुगाड केला, त्याच वाटेवरच्या कामासाठी २०१३ चं नोबेल त्या दोघांना आणि कारप्लसना मिळालं. कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइममधल्या झिंकला सल्फोनामाइड जातीचं औषध कसं धरतं, किंवा औषध प्रोटीनशी कोव्हॅलंट बाँड कसा करतं, अशा ठिकाणी क्वांटमला खरंच पर्याय नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी फोर्स फील्डवर भागतं, हे तुला कोणी सांगणार नाही.

कोर्स नंतर बघू. साय-फोर (Psi4) हे क्वांटम केमिस्ट्रीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, डाउनलोड कर, दोन बेन्झिन एकमेकांवर ३.९ अँगस्ट्रॉमवर ठेव, बेसिस सेट (इलेक्ट्रॉनचं वर्णन करायला घेतलेली फंक्शन्स) जरा मोठा घे आणि बी३एलवायपी (B3LYP) या नेहमीच्या स्वस्त क्वांटम मेथडने जोडीची एनर्जी काढून त्यातून दोन सुट्या बेन्झिनची वजा कर. ते म्हणेल दोघं एकमेकांना ढकलतायत. मग त्याच मेथडला डी३ (D3) नावाचं करेक्शन लाव, चिकटतील. असं का झालं हे शोधण्यात दोन-तीन रात्री गेल्या आणि तरी चिडचिड झाली नाही, तर परत लिही, मग एमएस्सीला काय घ्यायचं ते बोलू.