कॉलेज सोड, डिपार्टमेंट बघ

बाळा,

रविवारी तू आणि पप्पा येऊन गेलात, तुझी ती एक्सेलची शीट माझ्या टेबलावरच राहिली. तीन कागद चिकटटेपनं जोडलेले, चौदा इंजिनिअरिंग कॉलेजं, हिरवा पिवळा लाल रंग. रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून सगळी वाचली. कॅम्पस किती एकर, होस्टेल कसं, नॅकचा ग्रेड काय, हायएस्ट पॅकेज, कँटीन, जिम, पुणे स्टेशनपासून अंतर. एकवीस कॉलम आहेत, मोजले मी. आणि त्या एकवीसमध्ये तू जी ब्रँच चार वर्षं शिकणार आहेस तिच्याबद्दल एकही कॉलम नाही. एकही नाही गं.

पप्पा जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणले, "अण्णा, हिला तुम्हीच काय ते सांगा, मला यातलं काय कळंना." रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे तांबडे, शर्टाच्या बाहीला टॉवेलचं लिंट चिकटलेलं. तुझा अभ्यास, तुझी हुशारी याच्यावर मी काही बोलणार नाही, ते तुला माहितीय. मला फक्त त्या शीटबद्दल बोलायचंय.

कॉलेजची तुलना करायचीच नाही. डिपार्टमेंटची करायची. हे मी तुला या पत्रात दहा वेळा सांगणार आहे आणि तू दहाही वेळा वाचायचंस.

का सांगतो ते ऐक. १९९३ साली मी बारावी झालो. तेव्हा फ्री सीट आणि पेमेंट सीट असा प्रकार नुकताच चालू झालेला. मला फ्री सीट मिळाली नाही, पेमेंट सीट मिळाली, जिल्ह्याबाहेरच्या एका कॉलेजात, मेकॅनिकलला. नाव मोठं होतं कॉलेजचं. आमचे वडील आणि मी बघायला गेलो तर गेट बघूनच वडील गप्प झाले, दोन्ही बाजूला अशोकाची झाडं, आत कारंजं. आम्ही ऑफिसात गेलो, फी विचारली, कारंज्यापाशी बसून शेंगा चटणी भाकरी खाल्ली आणि परत आलो. मेकॅनिकलच्या बिल्डिंगमध्ये पाऊल टाकलं नाही. घरामागच्या शेडमध्ये चार लूम, म्हणजे कापड विणायचे माग, होते आमचे, त्यातले दोन विकले त्या फीसाठी. एका बाजूचा आवाज बंद झाला की दुसऱ्या बाजूचा किती मोठा वाटतो ते मला अजून आठवतं.

आणि वर्कशॉप कसं होतं सांगू? सहा लेथ, पाचांवर निळं प्लॅस्टिक, दोरीनं बांधलेलं. सहावा चालायचा, त्याच्याभोवती आम्ही वीस जण, चालवणार इन्स्ट्रक्टर, आम्ही बघणार. ट्रेमध्ये लोखंडाचा कीस पण नसायचा, झाडलेला असतो म्हणून नाही, पडायचाच नाही म्हणून. जर्नल सीनियरचं उतरवायचं. चार वर्षांनी भोसरीला एका कारखान्यात इंटरव्ह्यूला गेलो, तिथल्या सुपरवायझरनं मायक्रोमीटर हातात दिला आणि म्हणला हा पिन मोजून सांग. माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता, आयटीआय झालेला. मला लीस्ट काउंटची व्याख्या पाठ होती, रीडिंग घेता येईना. त्यानं कॉलेजचं नाव विचारलं पण नाही.

आता यातली खरी गोष्ट ऐक. त्याच कॉलेजचं सिव्हिल एक नंबर होतं. तेच गेट, तेच कारंजं, त्याच प्राचार्याची सही. सिव्हिलचा एचओडी पोरांना साईटवर न्यायचा, काँक्रीटचे क्यूब स्वतः भरायला लावायचा, लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी. माझा रूममेट सिव्हिलला होता, तो तिसऱ्या वर्षातच सर्व्हेची लेव्हल लावायला शिकला होता. एकाच कॉलेजात दोन कॉलेजं होती बाळा, आणि आम्ही दोन लूम विकून चुकीच्या कॉलेजात गेलो. वडिलांना हे मी कधी बोललो नाही. आता बोलायला ते नाहीत.

म्हणून म्हणतो, डिपार्टमेंट.

तू नॅकचा ग्रेड हिरव्या रंगात रंगवलायस. नॅकचं मानांकन अख्ख्या संस्थेचं असतं. एनबीएचं मानांकन एकेका कोर्सचं असतं. कॉलेजच्या बोर्डावर नुसतं एनबीए लिहिलेलं दिसलं की लगेच टिक करू नको, कुठल्या ब्रँचला आहे आणि कुठल्या वर्षापर्यंत आहे ते एनबीएच्या साईटवर बघ. मेकॅनिकलला असेल, तुझ्या एआय अँड डेटा सायन्सला नसेल. नवीन ब्रँचला दोन बॅचेस पास होईपर्यंत एनबीए मागताच येत नाही, त्यामुळं नसणं हा लगेच गुन्हा नाही, पण मग तुला स्वतः जास्त खोलात बघायला लागेल.

पॅकेजचं तर मला ऐकवत नाही. हायएस्ट म्हणजे एक पोरगा. तो एक पोरगा कुठल्याही कॉलेजात गेला असता तरी त्याला तेवढं मिळालं असतं. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगला, जी कॉलेजं भाग घेतात त्यांना किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली, मीडियन पगार किती हे सगळं स्वतःच्या साईटवर टाकायला लागतं, त्या पीडीएफ बघ, बॅनर बघू नको. आणि मीडियन बघून पण थांबू नको, कारण तो आकडा सगळ्या ब्रँचचा मिळून आहे. टीपीओकडं, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरकडं, जा आणि सरळ विचार की माझ्या ब्रँचची मागच्या वर्षी किती मुलं होती, त्यातली किती लागली, कुठं. उत्तर द्यायला कागद काढला तर बरं. "हंड्रेड पर्सेंट असिस्टन्स" म्हणाला तर थँक्यू म्हण आणि उठ.

रिझल्टची तुलना पण जपून. ऑटोनॉमस कॉलेज स्वतःच पेपर काढतं, स्वतःच तपासतं, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात पेपर बाहेरचा येतो. या दोघांची पास टक्केवारी शेजारी शेजारी मांडून तू एकाला लाल केलंयस, ते खोड.

आता शिक्षक. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एआयसीटीई, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी संस्था, तिचं गणित वीस मुलांमागं एक शिक्षक असं आहे. तुझ्या शीटमधल्या चौथ्या कॉलेजात कॉम्प्युटरला वर्षाला १८० जागा आहेत, फर्स्ट इयर बाजूला ठेवलं तरी तीन वर्षांची ५४० मुलं झाली, म्हणजे २७ शिक्षक पाहिजेत. २०२४ पासून चांगल्या संस्थांसाठी जागांची वरची मर्यादाच काढलीय, त्यामुळं कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या, शिक्षक तेवढ्या वेगानं कुठनं येणार? साईटवर मँडेटरी डिस्क्लोजर, म्हणजे कॉलेजला द्यावीच लागणारी माहिती, असतं, त्यात शिक्षकांची यादी असते, ती प्रिंट काढ. मग त्या डिपार्टमेंटला जा आणि नोटीस बोर्डावरचं टाइमटेबल बघ. त्यात शिक्षकांच्या नावाची आद्याक्षरं असतात, खाली पूर्ण नावं असतात. तुझ्या यादीतली किती नावं तिथं आहेत ते मोज. कुठं कुठं नावाच्या जागी नुसतं "एक्स वन", "एक्स टू", "न्यू" असं लिहिलेलं दिसेल. ज्या विषयासमोर "न्यू" आहे तो विषय जुलैत शिकवायला अजून माणूस मिळालेला नाही. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये येत नाही, पण त्या एका कागदावर सगळं डिपार्टमेंट दिसतं.

लॅबमध्ये कीबोर्डवर बोट फिरव. लॅबचं रजिस्टर बघायला माग. नाही दिलं तर थर्ड इयरच्या पोरींना कँटीनमध्ये गाठ, प्रॅक्टिकल खरंच होतं का विचार, त्या खरं सांगतात.

पैशाचं थोडक्यात. तू ओबीसीत आहेस, पप्पांचं उत्पन्न आठ लाखाच्या आत आहे. २०२४-२५ पासून तुझ्यासारख्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं, पण ॲडमिशन कॅपमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं, पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातनं गेलीस तर नाही, खासगी विद्यापीठात किंवा खासगी अभिमत विद्यापीठात गेलीस तर नाही. तुझ्या शीटमधली तीन नावं अशी विद्यापीठंच आहेत आणि "फी" कॉलममध्ये तू सगळ्यांना एकाच रांगेत बसवलंयस. आणि तो माणूस जो तुला रोज फोन करतो, शेवटच्या चार सीट राहिल्यात म्हणून, बुकिंगचे पैसे भरा म्हणून, त्याचा नंबर ब्लॉक कर. आजच. पप्पांच्या फोनवरनं पण.

तू म्हणशील काका सांगायला सोपं आहे. नाही गं. आमच्या पोरीलाच पुण्याच्या मोठ्या नावाच्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळत होतं, मॅनेजमेंट सीट, आणि तेव्हा माझ्याकडं पैसे होते, वर्कशॉप बरं चाललेलं. मी त्या डिपार्टमेंटला दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तर पहिल्यांदा भेटलेले तीन शिक्षक सोडून गेलेले. मी नाही म्हणलं. तिला इथंच, जिल्ह्यातल्या एका साध्या कॉलेजात ईअँडटीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमला, घातलं, का तर तिथं एक मॅडम होत्या, बारा वर्षं एकाच डिपार्टमेंटला, पोरांकडनं सर्किट सोल्डर करून घ्यायच्या, चुकलं की परत. पोरगी गच्चीवर जाऊन रडली, वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलली. आज एम्बेडेडमध्ये चांगली आहे. तरीपण दिवाळीला आली की म्हणतेच, पप्पा, तुम्ही मला पुणं मिळू दिलं नाही. आणि ते खरं आहे, मैत्रिणी, कॉलेजचे फेस्ट, ते सगळं तिचं राहिलं. मला त्याचं वाईट वाटतं. पण परत तोच दिवस आला तर मी परत नाहीच म्हणेन. दोन लूमचा आवाज बंद झालेला मी ऐकलाय, तिनं नाही ऐकला.

म्हणून आता नवीन शीट कर. रांगेत कॉलेजची नावं नकोत, कॉलेज अधिक ब्रँच असं एकेक लिही, म्हणजे कॅपमध्ये चॉइस कोड जसा असतो तसंच. एका कॉलेजच्या दोन ब्रँच दोन वेगळ्या रांगांत, मधे दहा नावं आली तरी येऊ दे. कट-ऑफ पण तसाच ब्रँचवार बघ, मागच्या वर्षीच्या पीडीएफमध्ये तुझ्या कॅटेगरीचा. एकवीसमधले चौदा कॉलम काढून टाक. एकर, जिम, कँटीन आधी काढ. आणि पहिल्या नंबरला काय लिहितेस ते नीट विचार करून लिही, पहिली पसंती मिळाली की ती फ्रीज होते, मग पुढच्या राउंडला नावं बदलत बसता येत नाही.

पुण्याची जी चार राहतील ती बघायला एकटी जाऊ नको आणि पप्पांना सुट्टी पण टाकायला लावू नको, त्यांचा हजेरीचा बोनस जातो. आषाढीची गर्दी ओसरली की एका मंगळवारी मी येतो. रविवारी नाही, ओपन डेला नाही, साध्या मंगळवारी, न सांगता. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळी हुतात्मानं परत. एका दिवसात दोन डिपार्टमेंट होतात, घाई केली तर तीन. तिकिटं मी काढतो, डबा काकू देणार आहे, तू शिक्षकांच्या याद्यांच्या प्रिंट तेवढ्या घेऊन ये.

तुझा,
काका