पान तोडलं, तरी रोग शेंड्याला कसा?

प्रश्न : पपईवर रिंगस्पॉट हा विषाणूचा रोग दिसताच रोगट पानं तोडली. तरी शेंड्याची नवी पानं आकसून आली. असं का? — एक शेतकरी, नंदुरबार

उत्तर : दादा, पानावर रोग दिसला तेव्हाच विषाणू पुढे निघून गेला होता. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पानात सोंड खुपसतो, विषाणू पेशीत उतरतो. पेशीची भिंत त्याला फोडता येत नाही. पण शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या त्या भिंतीतून आरपार गेलेल्या असतात. एरवी त्यांतून साखरेसारखे लहान रेणू जातात, विषाणू मावत नाही. म्हणून तो पेशीकडूनच खास प्रथिनं बनवून घेतो आणि त्यांच्या जोरावर नळीची वाट रुंद करतो. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचं असं प्रथिन १९८७ मध्ये प्रयोगानं सिद्ध झालं. माझ्या मते फार मोलाचं काम. असा पेशीमागून पेशी सरकत तो अन्नवाहिनीत शिरला, की अन्नरसाबरोबर थेट कोवळ्या शेंड्यात.

आता देठ आणि खोड नीट बघा. तेलकट, गर्द हिरवे पट्टे दिसतील. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. जीव तुटतो, ठाऊक आहे. पण झाड मुळासकट उपटून पुरा, मावा शेजारच्या झाडावर जायच्या आत.