वकिलातींचा खर्च आणि लघुउद्योजक

प्रश्न : परदेशांतील वकिलातींवर सरकार एवढा खर्च करते, भांडुपमध्ये प्लॅस्टिकच्या घरगुती वस्तू बनवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा उपयोग काय?

उत्तर : वकिलातींचा खर्च परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदीतून होतो, परदेशी प्रदर्शनांतील सहभागासाठीचे साहाय्य मात्र वाणिज्य विभागाच्या ‘मार्केट ॲक्सेस इनिशिएटिव्ह’ योजनेतून, बहुधा निर्यात प्रोत्साहन परिषदांमार्फत मिळत आले आहे, आणि आपल्या व्यवसायाची परिषद, ‘प्लेक्सकौन्सिल’, मुंबईतच आहे. तिचे सदस्यत्व आधी घ्यावे. वकिलातीच्या वाणिज्य शाखेकडे खरेदीदारांची व तेथील आयात नियमांची चौकशी करता येते. पत्र मोघम असेल, तर उत्तरही मोघमच येते. परदेशी खरेदीदाराने थकवलेल्या बिलाबाबत वकिलात फार तर मध्यस्थी करील, वसुली नव्हे. त्या जोखमीसाठी १९५७ पासून कार्यरत असलेल्या ‘ईसीजीसी’ या सरकारी विमा कंपनीचा निर्यात पतविमा माल पाठवण्यापूर्वीच उतरवावा.