ते उत्तर कुठून आलं?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुला शेजारी बसवून घ्यावंसं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझा राग आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगते.

चार पानांत तू तुझ्या सराव पाठावरचे निरीक्षकांचे सगळे शेरे उतरवून काढलेस. आवाज लहान. फलकलेखन तिरपं. आत्मविश्वास वाढवावा. मग विचारलंस की व्यक्तिमत्त्व विकासाचं एखादं शिबिर करू का, आरशासमोर उभं राहून पाठ म्हणू का, की हा पेशाच आपला नव्हे. आणि तिसऱ्या पानावर, कंसात, एक ओळ: ‘एका मुलाने ०.८ पेक्षा ०.३५ मोठं असं सांगितलं, मग दुसऱ्या मुलीने बरोबर उत्तर दिलं आणि पाठ पुढे गेला.’

अगं, चार पानांत तीच एक ओळ महत्त्वाची आहे, आणि ती तू कंसात टाकलीस.

तो मुलगा ०.३५ मोठं का म्हणाला? विचारलंस त्याला? विचारलं असतंस तर पत्रात आलं असतं, कारण तुला बारीकसारीक सगळं लिहायची सवय आहे. तू ‘दुसरं कोण सांगेल?’ म्हणालीस आणि तो खाली बसला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: उत्तर चुकलं की ते कुठून आलं ते बघ. बरोबर उत्तराकडे धावू नकोस. आधी ते कुठून आलं ते बघ.

आता त्याच पाठाच्या टाचणाचं, म्हणजे तू आधी लिहिलेल्या आराखड्याचं, पहिलं पान काढ. ‘पूर्वज्ञान’ या मथळ्याखाली तू काय लिहिलं आहेस? मला न बघता सांगता येईल: विद्यार्थ्यांना पूर्ण संख्यांची तुलना करता येते. बरोबर? त्या मुलाने तेच केलं. पस्तीस आठापेक्षा मोठे. तू कागदावर ज्याची नोंद केलीस तेच पूर्वज्ञान तो वर्गात घेऊन आला, आणि ते समोर उभं राहिलं तेव्हा तू त्याला ओळखलं नाहीस. शिवाय ती संख्या वर्गात कशी वाचली गेली? ‘शून्य पॉइंट पस्तीस’ असं तूच वाचलं असशील, तर पस्तीस हा शब्द त्याच्या कानात तूच घातलास. ‘पस्तीस शतांश’ किंवा ‘शून्य पॉइंट तीन पाच’ म्हटलं असतंस तर निदान त्याला अडखळायला जागा मिळाली असती.

आणि त्या बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीचं काय? तिच्याबद्दल तू निर्धास्त आहेस. मी नाही. काही मुलांनी ऐकलेलं असतं की दशांश चिन्हानंतर जितके अंक जास्त तितके तुकडे बारीक, आणि त्यावरून ती ठरवतात की ज्या संख्येत अंक जास्त ती लहान. अशा मुलाला ०.३५ आणि ०.८ दिले तर उत्तर बरोबर येतं. ०.३५ आणि ०.२ दे, म्हणजे तेच मूल ०.२ मोठं म्हणेल. आणि गंमत बघ, या दुसऱ्या जोडीला तुझा तो ‘चुकलेला’ मुलगा बरोबर उत्तर देईल, तेही पस्तीस दोनापेक्षा मोठे म्हणूनच. दोन मुलं, दोन्ही चुकीच्या वाटेने चाललेली, आणि कोण हुशार ठरणार ते केवळ तू फळ्यावर कुठली जोडी लिहितेस यावर. म्हणून म्हणते, बरोबर उत्तरालाही विचार की ते कुठून आलं.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी शिकले ते एका मुलीचं नुकसान करून.

नोकरीचं चौथं वर्ष. वनस्पतींचं पोषण शिकवत होते. विचारलं, ‘एवढंसं बी असतं, त्याचं एवढं मोठं झाड होतं. ते वजन कशातून येतं?’ बरीच मुलं म्हणाली, मातीतून. खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती कधी बोलायची नाही. म्हणाली, ‘पाण्यातून.’ मी म्हणाले, ‘चूक. बस.’ तिने हातातली पेन्सिल बाकाच्या खाचेत ठेवली आणि बसली. पेन्सिल घरंगळून खाली पडली, ती तिने उचललीसुद्धा नाही. तास संपेपर्यंत तशीच होती. त्या वर्षात तिने पुन्हा हात वर केला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी व्हॅन हेल्मॉन्टचा प्रयोग नीट वाचला. सतराव्या शतकातला ब्रसेल्सचा माणूस. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांच्या वर, माती घटली जेमतेम २ औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. म्हणजे माझ्या वर्गातल्या त्या मुलीचंच उत्तर! झाडाचं कोरडं वजन बहुतांशी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतं हे त्याला कळलं नाही, आणि ‘गॅस’ हा शब्द तर त्याचाच, कोळसा जळताना निघणाऱ्या वायूला, म्हणजे याच कार्बन डायऑक्साइडला, वेगळं नाव देणाराही तोच. हाताशी असलेली गोष्ट त्याला जोडता आली नाही. तरी ‘झाड माती खातं’ ही समजूत त्याने तराजूवर मोडून दाखवली. ती मुलगीही वर्गातल्या सगळ्यांच्या एक पाऊल पुढे होती. मातीच्या उत्तरात तिला काहीतरी खटकलं होतं. काय खटकलं होतं? मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. विचारायला दहा सेकंद लागले असते.

ते वाचलं त्या रात्री मी एक वही केली. त्यात फक्त मुलांची चुकलेली उत्तरं. मुलाच्या शब्दांत, जशीच्या तशी, आणि पुढे एक ओळ: कुठून आलं असेल. पहिल्या पानावर ५२ वजा ३८ बरोबर २६. पूर्वी मी अशा गणितावर लाल फुली मारून पुढच्या वहीकडे वळायची. त्या दिवशी मुलाला जवळ बोलावून करायला सांगितलं. तो म्हणाला, ‘आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन.’ मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला पहिलीत कुणीतरी सांगितलेलं होतं. तो नियम तो इमानाने पाळत होता, वर आणि खाली कोण आहे याची पर्वा न करता. ‘हातचा घ्यायला विसरला’ असं मी पन्नास वेळा लिहिलं असेल. तो काहीच विसरला नव्हता. त्याला आठवत होतं ते तो करत होता.

तुझ्या टाचणात ‘विद्यार्थी कृती’चा रकाना आहे. त्यात तू अपेक्षित उत्तर लिहितेस, एकच, बरोबर असलेलं. उद्यापासून त्याच्याखाली दोन चुकीची उत्तरं लिही, येतील असं वाटणारी, आणि प्रत्येकासमोर ते कुठून येईल ते. न सुचलं तर विषय तुला अजून शिकवण्यापुरता आलेला नाही असं समज. तू गणितात पहिली आलीस हे मला ठाऊक आहे, मी तिथे होते. पण विषय येणं आणि तो शिकवता येणं यांत अंतर असतं. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये त्या अंतरावर बोट ठेवलं, आणि शिकवण्यासाठी लागणाऱ्या खास ज्ञानात मुलं मनात कुठल्या समजुती घेऊन येतात हे जाणणंही धरलं. तुमच्या परीक्षेत त्यावर टीप येत असेल. टीप लिहून होईल, पण ०.३५ वाल्या मुलाला विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागणार नाही.

आता ‘दुसरं कोण सांगेल?’ या वाक्याकडे येते, कारण ते मला रात्रभर टोचत होतं.

डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक हिशेब मांडला होता: शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात जातात. प्रशिक्षणाला येण्याआधीच आपण शिक्षक होणं बघून बघून शिकलेलो असतो, आणि कारण न कळता तसंच वागतो. तुझ्या तासांतले काही माझ्या वर्गातले होते. ते वाक्य माझं आहे. त्याची चालसुद्धा माझी आहे, हात पुढे करून सगळ्या वर्गावर नजर फिरवायची. तू माझ्याकडे शिकत होतीस तेव्हा ती वही सुरू झालेली नव्हती. तेव्हा बाकांमध्ये चालायला जागा नसायची, अभ्यासक्रम मानगुटीवर असायचा, आणि चुकलेल्या मुलापाशी थांबलं तर बाकीचे चुळबुळायचे. कारणं खरीच होती. तरीही ते वाक्य तुझ्या तोंडी मी दिलं, आणि ते काढून घ्यायला हे पत्र लिहिते आहे.

बघ, तुझ्याही चुकीचं मी हेच केलं. ‘या मुलीला संवेदना नाही’ असं म्हणून फुली मारली नाही. ती कुठून आली ते शोधलं. तू मात्र स्वतःवर फुली मारून मोकळी झालीस. ‘मला जमत नाही’, ‘माझा तो पिंड नाही’. हे ‘चूक, बस’ नाही तर काय आहे? स्वतःच्या फसलेल्या पाठाकडे जी कुतूहलाने बघू शकत नाही ती मुलाच्या फसलेल्या उत्तराकडे कशी बघेल? मला वाटतं प्रशिक्षणाच्या काळात माणूस वाढतो तो इथेच. हे शिबिरात मिळत नाही.

तुम्ही सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाचं, चक्र करता. सहा मिनिटं पाठ, सहा प्रत्याभरण (बघणाऱ्यांचे शेरे), बारा पुनर्नियोजन (पाठाची नव्याने आखणी), पुन्हा सहा पाठ, सहा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांत सर्वात मोठा वाटा कशाला आहे ते बघ. बारा मिनिटं बसून विचार करायला. त्या बारा मिनिटांत तुम्ही मुली काय करता? आम्ही पुढच्या पाठाची चित्रं चिकटवायचो आणि वहीत ‘पुनर्नियोजन केले’ असं लिहायचो. तेवढं तू करू नकोस. त्या बारा मिनिटांत एकच प्रश्न: मी ते वाक्य का बोलले, ते कुठून आलं.

आवाजाचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस, वर्षभरात सुटेल. फळ्यावर आधी दोन फिक्या रेघा ओढून घे. झालं.

थांबायचं मात्र शिकावं लागतं, आणि ते अवघड आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. प्रश्नानंतरचं थांबणं सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी दुसरंही थांबणं मोजलं होतं, मुलाचं उत्तर आल्यानंतरचं, आणि तिथेही एका सेकंदाच्या आतच शिक्षक बोलायला लागतात. दोन्ही ठिकाणी तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काय ते आत्ता मोजून बघ. मागे निरीक्षक बसलेले असताना ते किती लांब वाटतात ते मला ठाऊक आहे. तरी थांब. उत्तर चुकलेलं असलं तर जास्तच थांब, आणि मग चेहरा न बदलता विचार, ‘तू कसं ठरवलंस?’ बरोबर उत्तर देणाऱ्यालाही त्याच स्वरात विचार. नाहीतर पंधरा दिवसांत मुलं ओळखतात की बाईंनी ‘कसं’ विचारलं म्हणजे चुकलं.

याची किंमत मोजावी लागते हेही सांगते. माझ्या अहवालात सलग तीन वर्षं एकच शेरा होता: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होत नाही. त्यातल्या एका वर्षी खरोखरच शेवटचा पाठ राहिला. पालक येऊन बोलून गेले. वरची जागा माझ्या मागून आलेल्या बाईंना मिळाली. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं की चुकलेली उत्तरं गोळा करून काय मिळतं. मी वही पुढे केली, त्यांनी उघडली नाही. पुष्कळदा वाटतं, त्या वर्षी तो पाठ कसाबसा उरकला असता तर काय बिघडलं असतं? आणि दर वेळी उत्तर एकच येतं: त्या वर्षी माझ्या वर्गात ‘चूक, बस’ एकदाही झालं नाही. राहिलेला पाठ ती मुलं पुढच्या वर्गात शिकली असतील. पेन्सिल खाली पडलेली ती मुलगी पुढे कुठे बोलायला शिकली असेल का, हे मला कुणीही सांगू शकत नाही. म्हणून मी तेव्हा हटले नाही आणि आजही हटत नाही. तू मला हट्टी म्हणायचीस. म्हण.

पेशा सोडायचा की नाही ते आत्ता विचारू नकोस. एका मुलाला एक प्रश्न विचारायचा राहिला असताना तो निर्णय होत नसतो.

तुझा पुढचा सराव पाठ त्याच वर्गावर गुरुवारी आहे ना? मग तासाआधी पाच मिनिटं जा. त्या मुलाला बाजूला घे, वर्गासमोर नको. कागदावर ०.३५ आणि ०.८ लिही, मोठं कोणतं ते पुन्हा विचारू नकोस, ते त्याने सांगितलेलं आहे. ‘परवा तू हे मोठं म्हणालास, कसं ठरवलंस ते मला दाखव,’ एवढंच म्हण आणि पेन्सिल त्याच्या हातात दे. मग गप्प बस. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत मला लिहून पाठव. तुझ्या शब्दांत नको.

तुझ्या
बाई